सोलो बिघडला की मुलाला बाहेर बसवा

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून चार पावलांच्या वर धावता येत नाही. मग तो एकदा जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाच्या बोटांवर सोडून परत हातात घ्यायचा. हा दुसरा प्रकार म्हणजे सोलो. सलग दोनदा आपटला की फाउल, त्यामुळे लांब पळायचं तर सोलोशिवाय गत्यंतर नाही.

ज्या पायाने सोलो करायचा त्याच बाजूच्या हातातून चेंडू नुसता सोडायचा, वर उडवायचा नाही. बोटं नडगीकडे ओढलेली हवीत. मग चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो पोटाशी परत येतो. मुलगा दमला की आधी घोटाच ढिला पडतो. पाऊल सपाट होतं, चेंडू हातभर पुढे जातो आणि बचाव करणारा उघड्या पंजाने तो उडवतो. बाहेरून मोठी माणसं ओरडतात, "लक्ष दे!" अहो, लक्ष असतं. पायात त्राण नसतं.

आयर्लंडमध्ये १५ वर्षांखालच्या चांगल्या खेळाडूचं वर्ष बघा. वसंतात क्लबची लीग, उन्हाळ्यापासून चॅम्पियनशिप, शरदात शाळेचे सामने. वर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विकास संघाचा सराव. गाव लहान असेल तर १७ वर्षांखालच्या संघालाही तोच लागतो. चार प्रशिक्षक, प्रत्येकाचे आठवड्याला दोन सराव, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आंतरकाउंटी मायनर, म्हणजे कुमार, गट २०१८पासून १८वरून १७ वर्षांखाली आणला, त्यामागे लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा आणि या ओझ्याचाही विचार होता. क्लबात मात्र ओझं कोण मोजतं?

हे वय झपाट्याने उंची वाढण्याचं. हाड आधी लांबतं, स्नायू मागे राहतो, आणि उड्या, किक, कडक मैदान यांचा ताण त्याच्या टोकाशी येतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरं टेंगूळ, किंवा सरावानंतर टाचेत कळ: ही 'वाढीची दुखणी' म्हणून सोडून देऊ नका. खेळ कमी करा, आणि दुखणं राहिलं तर फिजिओला दाखवा. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की त्या महिन्यांत सरावाचा एक दिवस कमी करा. जीएए म्हणजे गेलिक खेळांची संघटना; तिचा 'जीएए १५' हा वॉर्म-अप साधारण १५ मिनिटांचा आहे. धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं, सगळं त्यात आहे. सामन्याला उशीर झाला की नेमका तोच गाळतात, याचा मला खरंच राग येतो.

डब्लिन-कॉर्कच्या मराठी आईबाबांना कळकळीची विनंती: चारही संघांचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहा आणि तोच कागद चारही प्रशिक्षकांना पाठवा. मुलाला "सरांना सांग" म्हणू नका. संघातून काढतील या भीतीने तो सांगणार नाही.

आणखी एक. वय १ जानेवारीला धरून मोजतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. थोराड मुलाला सगळे संघ ओढतात, डिसेंबरवाला बाकावर बसून राहतो. थोराडाचा सोलो दुसऱ्यांदा पुढे गेला की त्याला बाहेर घ्या आणि सामन्याची शेवटची दहा मिनिटं डिसेंबरवाल्याला द्या.