ठोशांच्या आकड्यांचा वैताग
बॉक्सिंगची लढत संपली रे संपली, की सुरू: "त्याचे ठोसे जास्त लागले, मग हरला कसा?" अरे, पण मोजतं कोण? ठोसे मोजणाऱ्या 'कॉम्प्युबॉक्स' यंत्रणेच्या नावात कॉम्प्युटर असला तरी बटणं दाबतात २ माणसं, एकेका बॉक्सरवर नजर ठेवून. मध्ये कुणा बॉक्सरची किंवा रेफरीची पाठ आली, तर ठोसा हनुवटीला लागला की ग्लोव्हवर, दिसणार कसं? त्यात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, सोडून सगळेच 'पॉवर पंच'! बरगडीला नुसता चाटून गेलेलाही, आणि आडवा करणारा हुकही (बाजूने वळवून मारलेला ठोसा). मान मागे फेकणारा कडक जॅब मात्र किरकोळ रकान्यात. शिवाय जज गुण देतात फेरीगणिक. एका फेरीत ४० ठोसे जास्त मारले, म्हणून काय ४ फेऱ्या मिळतात? तरी पुढच्या लढतीनंतर पुन्हा तोच तक्ता तोंडावर फेकतील!