‘थंड जागी सरकतील की!’ म्हणणाऱ्यांना

तापमानवाढीचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप हमखास फिरतो: ‘ऊन वाढलं तर पशुपक्षी डोंगर चढतील, नाहीतर उत्तरेला सरकतील. निसर्ग आपली सोय बघतो. कोण कुठे जाणार हे संगणकावर मांडणं म्हणजे पंचांग बघणं.’

चढतात, हे खरंच. पण डोंगर वर निमुळता होत जातो. पेरूतल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची नोंद झाली होती. २०१७ मध्ये त्याच वाटांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा खालचे पक्षी वर आलेले दिसले आणि माथ्यावरच्या काही जाती सापडल्याच नाहीत. आपल्या कासच्या सड्यावर, कातळावरच्या वीतभर मातीत फुलणाऱ्या रोपानं आणखी कुठे चढायचं?

उत्तरेचं म्हणाल तर दक्षिण सह्याद्रीतली शोलाकिळी बघा. उंचावरच्या थंड शोला रानातला चिमणीएवढा पक्षी. पालघाट खिंडीच्या उत्तरेला त्याची एक जात, दक्षिणेला दुसरी. मधली खिंड जेमतेम ३० किलोमीटर रुंद, पण सखल आणि गरम. दोन वेगळ्या जाती होण्याइतका काळ गेला, तरी या पक्ष्यांनी ती ओलांडलेली नाही. आता तर तिथे शेतं, रस्ते, गावं आहेत.

बरं, सगळे वर तरी जातात का? कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर पक्ष्यांच्या वावराच्या सरकलेल्या वरच्या-खालच्या हद्दींपैकी जेमतेम निम्म्याच वर गेल्या होत्या. उष्मा वर ढकलतो, वाढलेला पाऊस खाली ओढतो. तेव्हा ‘वर जातील’ हाही अंदाजच, फक्त गणित न केलेला.

राहिलं पंचांग. कोण कुठे जाणार याची संगणकावरची ही गणितं चुकतात, मान्य. बरीचशी नुसतं हवामान बघतात; खाद्य, शत्रू, मधले अडथळे धरतच नाहीत. पण ती पडताळता येतात. इंग्लंडमध्ये दोन जातींच्या फुलपाखरांना उत्तरेकडे कुठली हवा मानवेल हे अशाच गणितातून काढलं आणि त्यांच्या तेव्हाच्या उत्तर हद्दीपलीकडे सुमारे ६५ आणि ३५ किलोमीटरवर, बंद पडलेल्या उघड्या दगडखाणींत ती सोडली. तिथे ती तगली, वाढली. हवा तिथे आधीच जुळून आलेली होती; मधली कुरणं तुटल्यामुळे फुलपाखरांना स्वतःहून पोचता आलं नव्हतं.