छेद वाढवण्याची कला

अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मिळवणं फार अवघड, असं जो तो सांगत असतो. कसलं अवघड! फॉर्म भरा, घरच्या उत्पन्नाचे आकडे द्या, पात्र असाल तर पैसे येतात. डोकं लागतं ते आलेली मदत घालवायला. त्यासाठी नापास व्हावं लागतं असं वाटत असेल, तर तुम्ही अजून कच्चे आहात. नापास होऊन मदत कुणीही घालवेल. प्राध्यापकांची शाबासकी घेता घेता ती घालवता आली पाहिजे.

साहित्य शाळेतलंच आहे, अंश आणि छेद. क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप. पास होऊन पदरात पडलेली क्रेडिट्स वर, नाव घातलेली खाली. बहुतेक कॉलेजांत हा अपूर्णांक ६७ टक्क्यांच्या खाली घसरला की मदत धोक्यात. (‘अपूर्णांक’ हा शब्द ज्यानं घडवला, त्याला विद्यार्थी चांगलेच ठाऊक असावेत.) जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या ४ पैकी सरासरीची, अट वेगळी, बहुतेक ठिकाणी २.० ची. पण तिला सगळेच घाबरून असतात, तिथं कौशल्याला वाव नाही.

तेव्हा छेद वाढवा. सगळ्यात सभ्य उपाय म्हणजे डब्ल्यू, म्हणजे कोर्स उशिरा सोडल्याची गुणपत्रिकेवरची खूण. सेमिस्टरच्या सुरुवातीला कोर्स बदलण्याची मुदत असते, ती शांतपणे जाऊ द्या. त्या मुदतीत कोर्स सोडला तर मागमूस उरत नाही, म्हणजे मेहनत फुकट. सातव्या आठवड्यात जागे व्हा आणि दोन कोर्स सोडून द्या. सल्लागार मायेनं सांगतील, ‘‘काळजी नको, डब्ल्यूनं जीपीएला काही होत नाही.’’ अगदी खरं बोलतात. छेदाचं तुम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता १५ क्रेडिट्सपैकी ९ उरली, त्या तिन्ही कोर्समध्ये ए मिळवा. जीपीए ४.०, अपूर्णांक ६० टक्के. एकाच वेळी वर्गात हुशार आणि मदत देणाऱ्या एड ऑफिसच्या यादीत ‘प्रगती असमाधानकारक’! हे दुहेरी यश एरवी सहज मिळत नाही.

एफ मिळाला, म्हणजे नापास झालात, किंवा अपुऱ्या कामासाठी ‘आय’ मिळाला, तरी छेदात भर आहेच. नापास झालेला कोर्स पुन्हा घेतलात तर छेद पुन्हा वाढतो. काही कॉलेजांत नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो आणि जीपीए धुऊन निघतो. छेद मात्र काहीही विसरत नाही. घरातल्या मोठ्या आत्यासारखी त्याची स्मरणशक्ती आहे.

हिंमत असेल तर अख्खा सेमिस्टर बुडवा. पहिल्याच सेमिस्टरला १२ क्रेडिट्स घ्या आणि शून्य मिळवा. वडील आजारी होते, नोकरीची पाळी बदलली, छप्पर गेलं, कारण कुठलंही चालेल, गणिताला कारणं कळत नाहीत. पुढच्या सेमिस्टरला सगळं पास झालात, २४ पैकी १२, पन्नास टक्के. त्याच्या पुढचंही सगळं पास, ३६ पैकी २४, म्हणजे ६६.६७. दोन सेमिस्टर एकही चूक न करता तुम्ही जेमतेम उंबऱ्याला टेकलात. आता तुमचं कॉलेज हा आकडा ६७ धरतं की ६६, त्यावर तुमचा भाग्योदय अवलंबून.

उदाहरण घ्यायचंच तर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचं घेऊ नका. १९२८ मध्ये पैशांची चणचण म्हणून त्यांनी कॉलेज थांबवलं, टेक्सासमधल्या कोटुला गावी शिक्षकाची नोकरी केली आणि मग परत येऊन पदवी घेतली. त्याच कॉलेजात, सॅन मार्कोसला, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. आजची सरकारी मदत त्याच कायद्यातून येते. गरीब मुलाला मध्येच थांबावं लागतं, हे सही करणाऱ्याला चांगलं माहीत होतं. पण ही रीत तुमच्या कामाची नाही. सरळ सुट्टी घेऊन कमवायला गेलात तर छेद तसूभरही हलत नाही. तुम्ही नाव घाला, आणि मगच कमवायला जा.

अर्ध्यातून निघून गेलात तर एक बोनसही आहे. सेमिस्टरचा ६० टक्के काळ संपण्याआधी सगळे कोर्स सोडले, तर मदतीतला न ‘कमावलेला’ भाग परत करावा लागतो. पैसे तर कॉलेजच्या फीमध्ये केव्हाच गेलेले असतात. कॉलेज सरकारला परत करतं आणि तेवढ्याचं बिल तुमच्या नावे निघतं. ते भरेपर्यंत पुढच्या सेमिस्टरला नाव घालायलाही बऱ्याच ठिकाणी अडवतात. शिक्षण अर्धवट, कर्ज पूर्ण.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी संथ मार्ग आहे. मदतीच्या हिशेबात सेमिस्टरला १२ क्रेडिट्स म्हणजे पूर्ण वेळ. खुशाल १२ घेत राहा, कुणी हटकणार नाही. चार वर्षांत ९६ होतील, पदवीला लागतात १२०. सोबत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलत राहा, आधी जीवशास्त्र, मग मानसशास्त्र, मग ‘मला खरं काय आवडतं ते आत्ता कळलं’. मदतीची मर्यादा पदवीच्या क्रेडिट्सच्या दीडपटीची आहे, १२० ची पदवी असेल तर १८० क्रेडिट्स. पण १८० गाठेपर्यंत कुणी वाट पाहत नाही. १४० झाली आणि नव्या मेजरला अजून ५० हवीत, की बेरीज १९० भरली. आता वेळेत संपणं अशक्य, म्हणून मदत आजच बंद. माणसाला स्वतःला गवसायला वेळ लागतो हे मान्य, पण तो दीडपटीत बसवायचा असतो. मध्ये एखादा सेमिस्टर स्वतःच्या पैशानं काढून पाहा. तोही मोजतात. त्यांच्या पैशाला हात लावला नाही म्हणून त्यांची नजर हटत नाही.

एवढं करूनही काही कॉलेजं आधी एका सेमिस्टरची ताकीद देतात. ती कॉलेजच्या ईमेलवर येते. तो डबा उघडू नका, तिथं कॅफेटेरियाच्या वेळापत्रकाखेरीज काही नसतं असं धरून चाला.

शेवटी अपील, म्हणजे बंद झालेली मदत परत मिळावी म्हणून अर्ज. यातच बहुतेक जण घसरतात आणि मदत परत मिळवून बसतात, म्हणून जपून. जवळच्या माणसाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण, अपघात, अशी कारणं ग्राह्य असतात. बऱ्याच ठिकाणी कागद मागतात. तेव्हा आजी गेली त्या आठवड्यात रडत बसण्याऐवजी मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढून ठेवावी, तारीख सेमिस्टरच्या आत आहे ना तेही बघून घ्यावं. दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत गेली असेल तर प्रकरण कमकुवत. आणि हळूहळू कोलमडणाऱ्या माणसाला कुठला दाखला मिळतो? त्यानं एखादा हातपाय तरी मोडून घ्यायचा होता.

मग फॉर्मवरचा दुसरा प्रश्न येतो: तेव्हापासून काय बदललं आहे? हा प्रश्न मला फार आवडतो. रात्रपाळी तीच, घरभाडं तेच, धाकट्या भावाला शाळेतून आणायची वेळ तीच. बदललं एवढंच, की मदत बंद झाली म्हणून पाळ्या दोन करायला लागल्या. तेवढं मात्र लिहू नका. तिथं वेळेचं नियोजन शिकलो, असं लिहितात.