साडेचारशे मिनिटं, दोन गोल

काल, १८ नोव्हेंबर २०२५ ला, एशियन कप फुटबॉलच्या क्वालिफायरमध्ये ढाक्यात आपण बांगलादेशकडून १-० हरलो. साडेनऊच्या सुमाराला मॅच संपली आणि मी मोबाइल हातात धरून तसाच बसून राहिलो. शेजारी माझा भाचा होता, सतरा वर्षांचा. तो म्हणाला, "मामा, तू एवढं का मनाला लावून घेतोस? एशियन कपमधून तर आपण आधीच बाहेर पडलो होतो ना?" खरं होतं त्याचं. तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आज हे लिहून काढल्याशिवाय लागेल असं वाटत नाही.

बांगलादेशकडून याआधी आपण हरलो होतो ते २००३ मध्ये. बावीस वर्षं झाली. माझा भाचा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

सकाळपासून ग्रुपवर आपल्या गोलकीपरला, गुरप्रीतला, शिव्या चालल्यात. बॉल त्याच्या पायांमधून गेला हे मान्य. पण तो गोल अकराव्या मिनिटाला झाला. त्यांच्या राकिबने डावीकडून पळत येऊन बॉल आत टाकला, मोरसालिन आपल्या बॅकच्या पुढे घुसला आणि त्याने फक्त पाय लावला. त्यानंतर जवळजवळ ऐंशी मिनिटं आपल्याकडे होती. त्या ऐंशी मिनिटांत नावाजण्यासारखा चान्स कोणता? त्यांच्या गोलकीपरने बॉल नीट काढला नाही, तो आपल्या छांगटेकडे आला, गोल रिकामा होता, त्याने मारला आणि त्यांच्या हमझा चौधरीने डोक्याने बाहेर काढला. म्हणजे तोही चान्स त्यांच्या चुकीतूनच आलेला.

आता जरा हिशोब मांडतो. या क्वालिफायरमध्ये आपण पाच मॅच खेळलो. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगमध्ये ०-१, तेही शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर. सिंगापूरला १-१. गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२. आणि काल ०-१. साडेचारशे मिनिटं, दोन गोल, दोन गुण, गटात तळाला. त्या दोन गोलांपैकी रहीम अलीचा गोल सिंगापूरच्या बचावाच्या घोटाळ्यातून नव्वदाव्या मिनिटाला मिळालेला. छांगटेचा गोल सुरेख होता, पण बॉक्सच्या बाहेरून मारलेला. बॉक्सच्या आत, दोन-तीन पास करून, मोकळा माणूस शोधून, रचून केलेला गोल पाच मॅचमध्ये एकही नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. आपल्याला गोल करता येत नाही. बचाव, फिटनेस, कोच, फेडरेशन या सगळ्यांवर बोलता येईल आणि लोक बोलतातही. पण समोरच्याचा बॉक्स आला की आपली टीम हरवून जाते, आणि हे आजचं नाही. जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाशी खेळलो. तीन मॅच, सहा गोल खाल्ले, केला एकही नाही. त्या अख्ख्या वर्षात आपण एक मॅच जिंकलो नाही. त्या वर्षी गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला आपल्या घरात हरवलं.

मी फार मोठा खेळाडू कधीच नव्हतो. ऑफिसच्या टीमकडून फॉरवर्ड खेळायचो, खालच्या डिव्हिजनमध्ये. पण फॉरवर्डचं दुखणं फॉरवर्डला लगेच कळतं. काल मी बॉलकडे बघतच नव्हतो, बॉक्समधल्या आपल्या माणसांकडे बघत होतो. विंगर कडेने पळतोय, त्याने मान वर केली, आणि आत आपला माणूस कुठे? दोन सेंटरबॅकच्या मध्ये, उभा, बॉलची वाट बघत. क्रॉस येण्याआधीच्या दोन सेकंदांत फॉरवर्डचं सगळं काम असतं. आधी दोन पावलं मागे, बॅकच्या नजरेआड जायचं. तो बॉलकडे बघायला वळला रे वळला की त्याच्या पुढून पहिल्या पोस्टकडे झेप. बॉल मिळो न मिळो. नाही मिळाला तरी बॅक तुझ्याबरोबर ओढला जातो आणि मागचा माणूस मोकळा होतो. मोरसालिनने काल नेमकं हेच केलं. आपल्याकडे ही धाव कुणी घेत नाही. आणि आत धावणारं कुणी नाही म्हटल्यावर विंगर तरी काय करणार? बॉल थांबवतो, पुन्हा मागे देतो, तोवर समोरचे आठ जण बॉक्समध्ये येऊन उभे राहतात. मग उंच क्रॉस, मग त्यांच्या बॅकचं डोकं. काल हे किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं.

हाँगकाँगच्या मॅचमध्ये तर लिस्टनने असा बॉल काढून दिला होता की पुढे गोल उघडा. आशिकने बाहेर मारला. मी आशिकला दोष देत नाही. तो कडेचा खेळाडू आहे, आयुष्यभर लाइनला धरून खेळलाय. सहा यार्डांवर बॉल आल्यावर पाय शांत ठेवणं ही सवय असते, आणि सवय त्या जागेवर शेकडो वेळा उभं राहिल्यावर लागते.

ती जागा आपल्या मुलांना मिळतेच कुठे?

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा मैदानावर सहा परदेशी असायचे, मग पाच झाले, २०२१ पासून चार. आकडा कमी झाला, पण त्या चार जागा क्लब कुठे वापरतात ते बघा. एक सेंटरबॅक, एक-दोन मिडफिल्डमध्ये, आणि पुढचा ९ नंबर, म्हणजे गोल करणारा मुख्य फॉरवर्ड, जवळजवळ नक्की. म्हणजे संघाचा कणा बाहेरचा आणि कडा आपल्या. आपल्याकडे छांगटे आहे, लिस्टन आहे, महेश आहे, बिपिन आहे. सगळे कडेचे. अकरा हंगामांत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. गेल्या मोसमात मोरोक्कोच्या अजाराईने २३ गोल केले. भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे? सुनील छेत्रीचे, १४. वयाच्या चाळिसाव्या वर्षी. जून २०२४ मध्ये भारतीय टीममधून निवृत्त झालेल्या माणसाला नऊ महिन्यांनी परत बोलवावं लागलं, कारण त्याच्या जागेवर उभं राहायला कुणी नव्हतं. छेत्रीच्या त्या ९५ गोलांचा मला अभिमान आहे. पण वीस वर्षं आपण त्या एका माणसाच्या आडोशाला बसलो आणि तोपर्यंत दुसरा घडवला नाही.

यात मीही आलोच. मुंबई सिटीच्या मॅचला टीव्हीसमोर बसून मीही ओगबेचेच्या नावाने घसा फोडलाय, ले फोंद्रेच्या नावाने, आणि अंधेरीला जाऊन पेरेरा डियाझच्या नावाने. सगळे परदेशी फॉरवर्ड. २०२१ ला शील्ड आणि कप दोन्ही आपल्याकडे आले तेव्हा रडलोही होतो. क्लबला कप हवा असतो, कोचला नोकरी टिकवायची असते, चार मॅच हरला की त्याला काढतात. तो वीस वर्षांच्या भारतीय फॉरवर्डला चुका करायला वेळ कशाला देईल? पण कुणीतरी द्यायला हवा. नुसता नियम करून हे होणार नाही, कारण जागा आखडली तरी क्लब शेवटपर्यंत ९ नंबरच राखून ठेवणार. लीगशिवाय आणखी मॅच हव्यात. रिझर्व्ह टीमची खरी, वर्षभर चालणारी लीग हवी, जिथे हरण्या-जिंकण्याने कुणाची नोकरी जात नाही.

आणि इथे तर मुख्य लीगचाच पत्ता नाही. जुलैपासून लीग थांबलीय. पंधरा वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार ८ डिसेंबरला संपतोय, नवीन टेंडर काढलं तर ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. व्यावसायिक खेळाडू नोव्हेंबरच्या मध्यावर लीगची मॅच न खेळता ढाक्याला गेलेत. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड का झाले होते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आपला कोच खालिद जमील, त्याच्याबद्दल दोन शब्द. तो आपल्या मुंबईच्या मैदानांवरचा माणूस. महिंद्राकडून खेळला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं तुटपुंज्या साधनांत तगवून ठेवलं, आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. ऑगस्टमध्ये त्याला नेमलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आल्या आल्या काफा नेशन्स कपमध्ये त्याने ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. त्याची टीम झुंजते. पण त्याची पद्धत मागे घट्ट राहायचं आणि मिळालेल्या एका चान्सवर मॅच काढायची. तो एक चान्स घेणारा माणूस समोर असेल तरच ती पद्धत चालते. काल बेंचकडे बघताना त्याचा चेहरा दिसला. बदली कुणाची करायची हा प्रश्न त्याच्यासमोर होता आणि बेंचवर उत्तर नव्हतं.

फॉरवर्ड रायन विल्यम्सचंही तेच. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, पण त्याची आई मुंबईची. त्याने तिकडचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, ही लहान गोष्ट नाही. ढाक्याला तो टीमबरोबर गेला, पण कागद वेळेत आले नाहीत म्हणून खेळू शकला नाही. त्याचं स्वागतच आहे. पण तो बत्तीस वर्षांचा आहे. तीन वर्षांनी आपण पुन्हा कुणाची आई मुंबईची होती हे शोधत बसणार का?

ज्या शहरात ते शोधतोय त्या शहराने एकेकाळी काय दिलं होतं ते आठवा. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, क्वार्टर फायनल. भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. इथल्या टाटांच्या टीमकडून, कॅलटेक्सकडून खेळणारा फॉरवर्ड. वांद्र्यात त्याच्या नावाचं मैदान आहे. माझ्या भाच्याने तिथे कितीतरी वेळा मॅच खेळलीय. तो नेव्हिल कोण, हे त्याला मी काल रात्री सांगितलं. तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

माझे वडील गिरणीत होते. मुंबईतल्या रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धेच्या वेळी दुसरी पाळी बदलून घेऊन मला कूपरेजच्या मैदानावर न्यायचे. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, आरसीएफ, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, बँका, सगळ्यांच्या टीम होत्या. मुलगा चांगला खेळला की नोकरी लागायची, आणि नोकरी लागली की त्याच्या घरचे त्याला खेळू द्यायचे. गोल करणाऱ्याला तर आधी बोलावणं यायचं. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स कप बंद पडला, २०१० मध्ये महिंद्रानेही टीम बंद केली. मुंबईतल्या किती पोरांचा फुटबॉल त्या दिवशी संपला ते मला माहीत आहे, त्यातले काही माझे मित्र आहेत.

आताची पोरं टर्फवर खेळतात. तासाचे पैसे वाटून घेतात, सहा-सहा जण, चारी बाजूंनी जाळी. त्यांचा पहिला टच आमच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण तिथे ऑफसाइड नाही, क्रॉस नाही, हेडर नाही, चाळीस यार्ड मोकळ्या जागेत धावणं नाही. गोल कमरेएवढा. बॅकच्या पाठीमागून सुटायची ती धाव टर्फवर शिकताच येत नाही, कारण पाठीमागे जागाच नसते. पूर्ण मैदान मिळवायचं तर सकाळी सहाला नंबर, आणि तिथेही अर्ध्या भागात क्रिकेटची पिच आखलेली.

भाचा फॉरवर्ड आहे. म्हणजे होता. उंच आहे, डोकं चालतं, गोल दिसतो त्याला. दोन वर्षांपूर्वी तो एका क्लबच्या अकादमीत गेला. नाव घेत नाही. तिथल्या कोचने त्याला पहिल्याच महिन्यात राइट बॅक केलं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "सर, वर जाऊन याला ९ नंबरला कोण घेणार? बॅक झाला तर चान्स तरी आहे." ते खोटं बोलत नव्हते, याचाच मला जास्त त्रास झाला. अशी किती मुलं पंधराव्या वर्षी मागे सरकवली गेली असतील?

आणि मॅच किती? तो वहीत लिहून ठेवतो. या वर्षी जानेवारीपासून आतापर्यंत अकरा-अकराच्या पूर्ण मैदानावरच्या मॅच, चौदा. साडेदहा महिन्यांत चौदा.

काही जण म्हणतील, टीका सोपी असते, मैदानावर येऊन पाठिंबा द्या. १ जून २०१८ ला अंधेरीला भारत विरुद्ध चायनीज तैपेई मॅच झाली. आपण ५-० जिंकलो, छेत्रीने हॅटट्रिक केली. स्टेडियममध्ये २,५६९ माणसं होती. त्यातला एक मी. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ करून लोकांना हात जोडले, आम्हाला शिव्या द्या पण बघायला या, आणि केनियाच्या मॅचला स्टेडियम भरलं. मी त्याही दिवशी होतो. म्हणून आज बोलायचा माझा हक्क आहे असं मी समजतो.

काल रात्री भाच्याला मोरसालिनचा गोल चार वेळा दाखवला. बॉल बघू नकोस, त्याचे पाय बघ, असं सांगितलं. चौथ्या वेळेला तो म्हणाला, "मामा, हा आधी मागे गेला." मग बराच वेळ काही बोलला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला त्याची मॅच आहे. कोचना आज मेसेज केलाय, दुसऱ्या हाफमध्ये वीस मिनिटं तरी पुढे खेळवा म्हणून. निळी खूण दिसतेय, उत्तर अजून आलेलं नाही.