सोबत : ३

आज सकाळी ऑफिसचा मेल उघडला आणि डोकंच फिरलं. विषयाची जागा रिकामी. वर नुसतं 'हाय', खाली एकाखाली एक लोंबकळणारे अकरा फॉरवर्ड, आणि मध्ये एकच ओळ: 'सोबत पाठवलंय, बघून आजच कळवा.' सोबत काही म्हणजे काही नव्हतं! अकराच्या अकरा मेल खालून वर वाचले, तेव्हा कुठे कळलं की प्रश्न एका कराराच्या मुदतीचा आहे. वीस मिनिटं गेली. मेल आठ जणांना होता, म्हणजे आठही जणांची गेली असणार. पाठवणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, मुद्दा कळला ना? फॉरमॅटचं काय एवढं?"

काय एवढं, ते सांगते.

माझ्या पहिल्या नोकरीत हेडक्लार्क बाई होत्या. मी लिहिलेलं पहिलंच पत्र त्यांनी तीनदा परत केलं. पहिल्यांदा तारखेवरून. मी ५/४ लिहिलं होतं आणि पत्र परदेशी जायचं होतं. "अगं, अमेरिकेत हे चार मे वाचतील. महिना अक्षरात लिही." वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरवून देणारं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालीच आलं, तरी आजही माझ्याकडे ५/४ वाल्या मेल येतात आणि मी फोन करून विचारत बसते. दुसऱ्यांदा विषयावरून. 'आपल्या पत्राबाबत' असा विषय होता माझा. "कुठल्या पत्राबाबत? त्यांना काय तुझं एकटीचंच पत्र येतं?" संदर्भ म्हणून त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घालायला लावली. तिसऱ्यांदा मात्र काही बोलल्याच नाहीत. सहीच्या खाली, डाव्या बाजूला, रिकाम्या जागेभोवती पेन्सिलनं गोल काढून कागद पुढे सरकवला. मला काही कळेना. मग म्हणाल्या, "सोबत किती कागद जोडलेत?" "तीन." "मग ते पाकीट उघडणाऱ्याला कसं कळणार?"

त्या दिवशी फार राग आला होता त्यांचा. डबासुद्धा खाल्ला नाही मी.

आणि दोन महिन्यांनी तिकडून कळवलं, तिसरा कागद मिळालाच नाही, सबब काम थांबवलंय. बाईंनी शांतपणे फाइल काढली. आमच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आमच्याकडे राहिलेल्या प्रतीवर, तिकडच्या आवक विभागाचा शिक्का होता, आणि शिक्क्याच्या वर स्पष्ट 'सोबत : ३'. कमी असल्याचा शेरा कुठेच नव्हता. तो कागद त्यांच्याच टेबलावर दुसऱ्या फाइलीत सापडला. एका ओळीनं माझी नोकरी वाचली. त्यानंतर मी ती ओळ कधी विसरलेली नाही, मेलमध्येसुद्धा नाही.

मेमोची तर दशाच झालीय. प्रति, प्रेषक, दिनांक, विषय. चार ओळी, की सरळ काय ठरलंय ते. ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारा कागद तो, त्याला ना मायना लागतो ना 'आपला विश्वासू'. गेल्या आठवड्यात एक मेमो आला, त्यात शुभेच्छांचा एक परिच्छेद, धन्यवादाचा एक परिच्छेद, आणि सुट्टीचा बदललेला नियम तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. निम्म्या लोकांनी तो वाचलाच नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आणि ते सीसी! कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कागदांच्या मधे कार्बन घालायचे, आणि शेवटची प्रत इतकी पुसट यायची की डोळ्यांजवळ धरून वाचावी लागायची. म्हणून प्रत कुणाला द्यायची याचा विचार व्हायचा. आता चाळीस जणांना एका बोटानं जातं, म्हणून चाळीस जणांना जातं. वर रिप्लाय ऑल करून चाळीस वेळा 'नोटेड'.

मान्य, दोन ओळींच्या निरोपाला एवढा थाट नको. आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' वगैरे जडजंबाल भाषेनं लोक पत्राला घाबरले, हेही खरं.

पण लिहिता लिहिता त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. तेवीस-चोवीसचा असेल. शाळेत पत्रलेखन केलं असेल त्यानं, मार्कांपुरतं. नंतर त्याला कुणी शिकवलं? त्याचा कागद तीनदा कुणी परत केला? त्याचे वरिष्ठ काय करतात ते रोज बघतेय मी. गाडीत बसून फोनवरून विषय न घालता 'बघ हे' एवढंच पाठवतात, आणि चूक झाली की त्या पोरावर ओरडतात. खरा संताप त्यांचा येतो मला. माझ्या बाईंना कामं काय कमी होती? तरी एका नवख्या मुलीच्या पत्रावर पेन्सिल घेऊन बसल्या.

संध्याकाळी त्याची मेल परत आली. विषयात कराराचं नाव आणि उत्तराची शेवटची तारीख, महिना अक्षरात. फाइलही जोडलेली. खाली लिहिलंय, 'मॅडम, अजून काही चुकलं असेल तर सांगाल का?'

उद्या अर्धा तास लवकर ये म्हटलंय त्याला. बाईंच्या पेन्सिलीचा गोल असलेलं ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. आत्ताच पर्समध्ये टाकलं.