हिप्परग्याला रबराचं जाळं हवं का?

सोलापूरच्या माझ्या मित्रांत सध्या एका जाळ्यावरून जुंपली आहे. गळाला लागलेला मासा काठावर घेताना खालून धरतात ते दांड्याचं जाळं. एकाने ते रबराचं मागवलं, हिप्परग्याच्या तलावावर नेलं आणि फोटो सगळ्यांना पाठवला. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, गाठीच्या नायलॉनवर मासा सोलून निघतो, मग सोडून दिला तरी मरतोच. दुसरा म्हणतो, "काय बे, आता माशाला गादी पण घालणार का?" मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतो आणि ट्रेंट नदीवर गळ टाकतो, म्हणून निवाडा माझ्यावर सोपवलाय.

आधी गादीचं सांगतो: इथे खरंच घालतात. गळ काढताना मासा दगडावर किंवा मातीत ठेवायचा नाही, ओल्या गादीवर ठेवायचा. कित्येक खासगी तळ्यांवर गादी नसेल तर बसूच देत नाहीत. जाळ्याचं तर नियमातच आहे. गाठी असलेलं किंवा धातूचं विणलेलं जाळं मासा उचलायला वापरायचं नाही. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बार्बल, ब्रीम, कार्प वगैरे माशांची गळाने मासेमारी बंद असते.

हे ऐकलं की आपल्याकडे लगेच "बघा, प्रगत देश" सुरू होतं. जरा थांबा. नदीतला कार्प किंवा ब्रीम इथे सहसा कोणी खात नाही. खायचा मासा समुद्रातला, तोही दुकानातून आणलेला. नदीतला मासा पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. तोच मासा पुन्हा कोणाच्या तरी गळाला लागायचा असतो, म्हणून त्याची एवढी बडदास्त. ही निव्वळ भूतदया आहे असं मला वाटत नाही.

तरीही रबरवाल्या मित्राचं म्हणणं खोटं नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत. बुरशी आणि जिवाणू त्यावरच अडतात. त्याच्याखाली पातळ कातडी आणि तिच्यात रुतलेले खवले. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार बाहेर झिरपायला बघतात आणि बाहेरचं पाणी आत शिरायला बघतं. कातडी खरवडली की हा तोल राखताना त्याची दमछाक होते. गाठीचं जाळं नेमकं तिथेच घासतं. शिवाय परांचे आणि शेपटीचे काटे जाळ्याच्या आसांत, म्हणजे भोकांत, अडकून चिरतात. मासा उड्या मारत पाण्यात जातो, आपण खूश. पांढरी बुरशी धरते ती काही दिवसांनी, आणि तेव्हा बघायला कोणी नसतं.

2003 साली कॅनडातल्या एका अभ्यासात ब्लूगिल नावाच्या छोट्या माशावर हेच तपासलं होतं. रबर, बिनगाठीचं नायलॉन, बारीक गाठींचं आणि जाड गाठींचं, अशी चार जाळी. काही मासे जाळ्याशिवाय उचललेले. आठवडाभर ठेवून पाहिलं. जाळ्यातून आलेल्यांपैकी प्रकारानुसार 4 ते 14 टक्के मेले. गाठींची जाळी जास्त वाईट, रबर आणि बिनगाठीचं त्या मानाने बरं. पण माझ्या दृष्टीने खरी बातमी वेगळीच आहे: जाळ्याशिवाय उचललेल्यांपैकी एकही मेला नाही. म्हणजे तळहाताएवढ्या माशाखाली जाळं, मग ते कितीही महागाचं असो, घालायचंच कशाला? हात ओला करायचा, मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवायचा. जाळं लागतं ते दोरी तुटेल अशा वजनाच्या माशाला.

आता आपल्याकडच्या माशांचं बघू. शिंगाडा माशाचे काटे करवतीसारखे दातेरी असतात. मऊ, बारीक विणीच्या जाळ्यात असा काटा गुंतला की सोडवता सोडवता मासा दोन-तीन मिनिटं हवेतच. इथल्या बार्बलच्या पाठीवरही तसाच दातेरी काटा असतो आणि तीच रड असते. रबरात काटाही कमी गुंततो आणि गळही. रबराचा खरा फायदा मला हा वाटतो: मासा लवकर पाण्यात परत जातो. तोटे आहेतच. जड असतं, वाहत्या पाण्यात ओढ बसते, आणि आस फार मोठे असले तर शेपूट आरपार जाऊन फाटते. नायलॉनवर रबराचा लेप दिलेलं मधलं जाळं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. कुठलंही असो, आधी भिजवून घ्यायचं. आणि एक खास आपल्यासाठी: कोरड्या टॉवेलात मासा धरू नका. सोलापुरी टॉवेल पाणी टिपायला जगात भारी, माशाच्या अंगावरचा थरही तो तितक्याच झटकन टिपतो.

इंग्लंडवरून जशीच्या तशी नक्कल करता येत नाही ती उन्हामुळे. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. गळावर झुंजून दमलेल्या माशाला मे महिन्यात हिप्परग्याच्या कोमट पाण्यात दम परत मिळवायचा असतो, आणि काठावरचा काळा दगड पाय भाजेल इतका तापलेला असतो. सोडून देण्यासाठी मासे पकडणाऱ्याने सोलापुरात इंग्रजापेक्षा जास्त काटेकोर असायला हवं. उन्हाळ्यात दुपारी गळ टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"खायचा नाही तर त्रास द्यायचाच कशाला?" हा दुसऱ्या तटाचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वित्झर्लंडच्या कायद्याला तो पटलाय. सोडून देण्याच्या इराद्याने मासा पकडायला तिथे 2009 पासून मनाई आहे. मी स्वतः सोडतो, आणि या सवालाचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही.

पण ही रबराची शिकवण घेऊन कोणी उजनीच्या भोई बांधवांकडे जाऊ नये. त्यांचा मासा भिगवणच्या बाजारात जातो, परत पाण्यात नाही. तो सोलला काय आणि न सोलला काय. तिथे प्रश्न जाळ्याच्या कापडाचा नसून आसाचा आहे. कटला, रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून धरणात बीज सोडावं लागतं. बारीक आसाच्या वडाप जाळ्यात ती बोटभर पिल्लं ओढून काढली की पुढच्या वर्षी किलोचा मासा येणार कुठून? याविरुद्ध बोलणारे मच्छीमारच आहेत. हौशी मंडळींनी बोलायचं तर त्यांच्या बाजूने बोलावं.

तर निवाडा असा. रबरवाल्याने जाळं ठेवावं, फक्त मोठ्या माशाला वापरावं. चिलापी लागली तर सोडूच नये. ती बाहेरून आलेली, तिची संख्या आधीच अमाप. घरी न्यावी, तिखट-मीठ लावून तळावी. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर निघाला तर तोही पाण्यात परत टाकायचा नाही. आणि गादी मागवायची गरज नाही, ओलं केलेलं गुळगुळीत प्लॅस्टिकचं घमेलं चालेल.