थप्पड तेवढी लक्षात राहिली

क्रिकेटचे कोच पोरांवर खेकसतायत, एखाद्याच्या पाठीत धपाटा घालतायत, आणि आपण ब्र काढला की उत्तर तयार: "अहो, सचिनला घडवणाऱ्या आचरेकर सरांनी त्यालासुद्धा थप्पड मारली होती!" झालं, विषय संपला. दर सीझनला हेच!

अरे, पण ती कशाबद्दल होती? सरांनी ठरवून दिलेली मॅच सोडून पठ्ठ्या वानखेडेवर शाळेच्या सीनियर संघाची फायनल बघत बसला, म्हणून. कॅच सुटला म्हणून नव्हे. आणि स्टंपवर ठेवलेलं ते रुपयाचं नाणं? नाबाद राहिलास तर तुझं, नाहीतर विकेट घेणाऱ्याचं. स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर खेळायला नेणं? ते नाही कुणी उचललं. त्याला पेट्रोल लागतं ना!

आमच्याकडचे सर मोबाइलमधून मान वर काढतात ती फक्त ओरडायला. पाय कुठे हवा होता, बॅट का उशिरा आली, अवाक्षर नाही. बारा वर्षांखालची पोरं आहेत हो! शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे; तो बहुतेक मैदानाच्या कुंपणापाशी थांबतो. आणि बाजूला उभे पालक? "सर, याला अजून कडक घ्या!"